कुंकू लावलेला कॉम्प्रेसर

ट्रे टेबलावर उपडा झाला आणि लिऊ हसला.

पांढऱ्या टेबलावर लालभडक मिरच्या पसरल्या होत्या, आणि त्यांत फटक्या मिरच्या लांबूनही दिसत होत्या. फटकी म्हणजे रंग उडालेली, पांढुरकी पडलेली मिरची. आनेकेबाई चिमट्याने एकेक फटकी उचलून बाजूला ठेवायला लागल्या. ढीग वाढत गेला. तो जसजसा वाढला, तसतसा लिऊ आणखी हसायला लागला.

“यात हसण्यासारखं काय आहे?” आनेकेने इंग्रजीत विचारलं.

लिऊने मान खाली घातली आणि हसतच राहिला. बाईंची मानसुद्धा मिरचीसारखी लाल झाली. मी दोघांच्या मधोमध उभी. मला तर दोघांनाही दोन धपाटे घालावेसे वाटत होते. पण एक हॉलंडहून आलेली, दुसरा चीनहून आलेला, आणि मी आपली इथल्याच कोरीट गावची. हात मागेच ठेवले.

आमच्या कोरीटला माझा एक चुलतभाऊ होता. नापास झाला की असाच दात काढायचा, आणि आजोबा त्याला जास्तच बडवायचे. तो लाजेने हसतोय हे आम्हा पोरांना कळायचं, आजोबांना नाही. लिऊचं हसणं मला त्याच जातीचं वाटलं. मी आनेकेला तसं सांगून पाहिलं. ती म्हणाली, “लाज वाटत असेल तर सॉरी म्हणावं.” तिचंही काही चूक नव्हतं.

आता ही माणसं कोण, ते सांगते. नंदुरबारहून धानोऱ्याकडे जाताना आमचा मिरचीचा कारखाना आहे. तिथे मी क्वालिटी मॅनेजर. मालक उत्तमआप्पा. आप्पांची शेती प्रकाशा गावी, तापीकाठी. आधी त्यांची नुसती पथारी होती. पथारी म्हणजे ओली लाल मिरची उन्हात वाळत घालायचं मोकळं मैदान. मग त्यांनी शेजारी शेड घातली, चक्की टाकली, आणि मिरचीचे फ्लेक्स करायला लागले. फ्लेक्स म्हणजे पिझ्झ्यावर भुरभुरतात ते मिरचीचे तुकडे. गुजरातचे व्यापारी आमचा माल घ्यायचे आणि पुढे आपल्या नावाने परदेशी पाठवायचे. आप्पांना तो थेट पाठवायचा होता.

त्यासाठी लागत होतं कलर सॉर्टर. हे मशीन समजायला सोपं आहे. मिरची पन्हाळीवरून घसरत खाली येते. कॅमेरा प्रत्येक मिरचीकडे बघतो. फटकी दिसली की बारीक नळीतून हवेची फुंकर बसते आणि ती मिरची वेगळ्या खोक्यात उडते. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. युरोपचं मशीन आप्पांच्या आवाक्याबाहेर होतं. चीनचं घ्या, चांगलं असतं, असं मीच छातीठोक सांगितलं होतं. ते बसवायला कंपनीने लिऊला पाठवलं. त्याचा व्हिसा येईपर्यंत मशीन खोक्यातच पडून होतं, आणि आप्पा रोज त्या खोक्याभोवती चक्कर मारायचे. लिऊ आला तिशीतला, सडपातळ, अबोल. आमचा ठेचा भाकरीबरोबर असा खायचा की वाढणारी बाई घाबरली. त्यांच्या गावीही जेवण असंच तिखट असतं म्हणे.

आनेके ही हॉलंडच्या खरेदीदार कंपनीची इन्स्पेक्टर. पन्नाशीची, उंच, चालताना धाडधाड बूट वाजवणारी. ती कारखाना पास करणार, तरच ऑर्डर मिळणार.

आणि ऑर्डर मिळाली, तरच माझी लॅब राहणार. हे कळीचं. शेडच्या कोपऱ्यातलं गोदाम रिकामं करून मी लॅब उभी केली होती. ओलावा मोजायचं यंत्र, रंग तपासायचं यंत्र, आणि कामाला धानोऱ्याच्या दोन मुली. बीएस्सी होऊन घरी बसलेल्या. एकीचं तर लग्न ठरता ठरता थांबलं होतं, कारण तिनेच ‘आधी नोकरी’ म्हणून हट्ट धरला होता. आप्पांनी मला आधीच बजावलं होतं की एक्स्पोर्ट झाला तर लॅब, नाहीतर परत गोदाम. आप्पा शब्दाचे पक्के. हीच तर पंचाईत होती.

तर ट्रायल फेल होत होती. गंमत म्हणजे सकाळी मशीन झकास चालायचं. फटकी शोधून सापडायची नाही. दुपार झाली की त्याला झोप लागल्यासारखं व्हायचं. कॅमेऱ्याला फटकी दिसायची, फुंकर बसायची, पण मिरची उडायची नाही. लिऊ स्क्रीनवर बोटं फिरवायचा, सेटिंग बदलायचा, आणि मान हलवत म्हणायचा, “वी ॲडजस्ट. वी ॲडजस्ट.”

आनेकेला हे ॲडजस्ट डोक्यात जायचं. तिची पद्धत वेगळी. ती सगळ्यांना टेबलाभोवती उभं करायची आणि लिऊच्या डोळ्यांत बघून विचारायची, “मिस्टर लिऊ, मशीनमध्ये दोष आहे का? हो की नाही?”

लिऊ म्हणायचा, “येस, येस.”

“म्हणजे दोष आहे?”

“नो प्रॉब्लेम.”

मग ती माझ्याकडे बघायची. मी काय सांगणार, कपाळ? मी तिचा प्रश्न जरा मऊ करून लिऊला सांगायचे, त्याचं उत्तर जरा ठोस करून तिला सांगायचे. एकदा तिने मला पकडलंच. म्हणाली, “सुनीता, तू माझं बोलणं धुऊन, इस्त्री करून त्याला देतेस. जसंच्या तसं दे. मी सरळ विचारते कारण मी त्याला मान देते. ज्याला मान देत नाही, त्याला मी काही विचारतच नाही.”

हे मला आवडलं. पण लिऊच्या बाजूने बघायचं तर चारचौघांत, मालकासमोर, एका परक्या बाईने असं उभं करून विचारणं म्हणजे शाळेत बाकावर उभं केल्यासारखंच. तो मला फोनवरच्या भाषांतरातून विचारायचा, “मॅडम माझ्यावर रागावल्या आहेत का?” मी सांगायचे, नाही रे बाबा, ती बोलतेच तशी. त्याचा विश्वास बसायचा नाही.

आप्पांशी मात्र दोघांचंही जमलं होतं, तेही दोन तऱ्हांनी. लिऊ त्यांना दोन्ही हातांनी चहाचा कप द्यायचा आणि त्यांच्या पुढे कधी चालायचा नाही. आनेकेने पहिल्याच दिवशी त्यांना “उत्तम” अशी हाक मारली. अख्ख्या शेडने माना वळवल्या. आप्पांना त्यांची बायकोसुद्धा नावाने हाक मारत नाही. आप्पा मला अहिराणीत म्हणाले, “माय गई, मंग माले कोनी नाव लिसन बलावंच नई.” आई गेल्यावर कुणी नावाने हाकच मारली नव्हती त्यांना. दिवसभर मग ते खुशीत होते.

आप्पांचा दुसरा लाडका म्हणजे त्यांचा कॉम्प्रेसर. सॉर्टरला फुंकर मारायला दाबाची हवा लागते, ती कॉम्प्रेसर पुरवतो. हा त्यांनी एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगमधून आणलेला. केवढं धूड. आप्पांनी त्याला स्वतः हिरवा रंग मारून घेतला, स्वतंत्र खोली बांधली, खोलीला जाळीचं दार. पाहुणा आला की आधी कॉम्प्रेसर दाखवायचा, मग चहा. दसऱ्याला त्याला घातलेला झेंडूचा हार वाळून तसाच होता. वॉचमन रोज सकाळी कुंकवाचं बोट लावून उदबत्ती ओवाळायचा. आपल्याकडे मशीनची पूजा होतेच, मला त्यात काही वेगळं दिसलं नाही. प्रेशरचा काटा खोलीतच होता आणि तो नेहमी छान जागेवर असायचा. हवेबद्दल शंका घ्यावी असं काही कुणाच्या मनात आलं नाही. निदान मला तसं वाटत होतं.

आनेकेने शेवटी सांगून टाकलं. अजून एक दिवस. उद्याही असंच झालं तर ती ‘नापास’ लिहून परवा निघणार. हेही तिने सगळ्यांसमोर, आप्पांच्या तोंडावर सांगितलं. आप्पांनी नुसती टोपी काढून परत घातली. लॅबमधल्या मुली काचेतून बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

त्याच दुपारी जेवायला मी मुद्दाम लिऊजवळ बसले. आनेके गेस्ट हाऊसवर दही खायला गेली होती, आप्पा पथारीवर. पहिल्यांदाच आम्ही दोघंच होतो. मी त्याला काही विचारलं नाही. कंटाळा आला होता विचारण्याचा. भाकरी मोडली आणि खात बसले.

बऱ्याच वेळाने त्यानेच फोनमध्ये काहीतरी बोलून माझ्यापुढे धरलं. फोनवर आलं होतं:

“आप्पांचा कॉम्प्रेसर फार थोर आहे. वयाने मोठा, ताकदीने मोठा. माझं मशीन लहान आहे, साधं आहे. इतक्या मोठ्या घराची हवा खायची त्याची योग्यता नाही. त्याने एखाद्या लहान घरी जेवावं हे बरं.”

मी हसले. म्हटलं, काय भाषांतर करतो हा फोन. आणि हसता हसता घास हातातच राहिला.

हे मी ऐकलेलं होतं. आमच्याच ओट्यावर, माझ्याच लग्नाच्या वेळी. प्रकाशाकडचं एक बडं स्थळ मला सांगून आलं होतं. मुलगा काही धड नव्हता हे माझ्या वडिलांना कळलं होतं. पण आपल्याकडे सोयरिकीत ‘तुमचा मुलगा आम्हाला पसंत नाही’ असं कोण म्हणतं? वडील हात जोडून म्हणाले होते, तुमचं घर फार मोठं, तुमचा बारदाना मोठा, आमची पोर साधी, तिला तुमच्या घरचं झेपायचं नाही. पाहुण्यांनी चहा संपवला, रामराम केला आणि गेले. कुणाचा अपमान नाही, कुणाला राग नाही. पुढे दोन्ही घरं एकमेकांच्या लग्नांत जेवली.

लिऊ मला स्थळ नाकारून दाखवत होता. आणि मी, सोयरिकीच्या बैठका ऐकत मोठी झालेली बाई, सगळे दिवस ढिम्म.

मी त्याला विचारलं, “कॉम्प्रेसर?” आणि हाताने वरचा काटा खाली पडल्याची खूण केली.

लिऊने आधी दाराकडे बघितलं. मग बॅगेतून एक छोटा प्रेशर गेज काढला. आम्ही उष्ट्या हातांनीच मशीनकडे पळालो. त्याने गेज मशीनच्या तोंडाशी, हवा आत शिरते तिथे जोडला, आणि मी चक्कीवाल्यांना सांगितलं की दुपारची साफसफाई सुरू करा. ते धूळ उडवायला त्याच पाइपमधली हवा वापरतात. त्यांनी नळी उघडली मात्र, गेजचा काटा धाडकन खाली. खोलीतल्या काट्याला याचा पत्ताच नव्हता. हवा निघताना भरपूर होती, पण लांबच्या पाइपातून येता येता वाटेतच वाटली जात होती. वर पाइपात पाणीही साचत होतं. सकाळी साफसफाई नसते, म्हणून सकाळी सगळं छान. फुंकरीतच दम नाही, तर मिरची उडेल कशी?

“तुला हे कधीपासून माहीत आहे?” मी विचारलं.

फोनने सांगितलं, दुसऱ्या दिवसापासून.

“मग बोलला का नाहीस? तुझ्या मशीनवर खापर फुटत होतं ना!”

लिऊने बराच वेळ लावून फोनला काहीतरी सांगितलं. मी वाचलं आणि मला हसावं की रडावं कळेना. फोनवर आलं होतं, “रोज सकाळी तुमचा माणूस त्याच्यापुढे उदबत्ती लावतो. त्याला फुलं घातली आहेत, लाल टिळा लावला आहे. मला वाटलं तो या घराचा देव आहे, किंवा आप्पांच्या वडिलांची आठवण. आमच्या गावात जिथे उदबत्ती लावतात, त्याला कुणी नावं ठेवत नाही.”

एवढ्यासाठी हा पोरगा रोज बोलणी खात होता. स्वतःच्या मशीनला वाईट म्हणवून घेत होता, पण पाहुणा म्हणून आलोय त्या घराच्या देवाला बोल लावायचा नाही म्हणून गप्प. मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. राहिलेला तो एकदाचा दिला.

मग आनेकेकडे गेले. तिच्याशी सोपं होतं. सरळ सांगितलं, मशीन चांगलं आहे, हवा कमी पडतेय, हा गेज बघ. तिने स्वतः बघितलं, काटा पडला, तिची खात्री पटली. मग तिचा तो प्रश्न. “त्याने मला सांगितलं का नाही? मी तर रोज विचारत होते.”

“तू सगळ्यांसमोर विचारत होतीस. आप्पा तिथेच उभे असायचे. आणि त्याला वाटलं, तो कॉम्प्रेसर आमचा देव आहे.”

आनेकेने कॉम्प्रेसरच्या खोलीकडे बघितलं. मग म्हणाली, “ते लाल टिळे? मला वाटलं, ती कसलीतरी सेफ्टी मार्किंग आहेत. मी तर तुम्हाला विचारणार होते की या खुणांचा तक्ता भिंतीवर का लावला नाही.”

आम्ही दोघी इतक्या हसलो की लॅबमधल्या मुली बाहेर आल्या.

हसणं आवरल्यावर आनेके उठली आणि बूट वाजवत निघाली. आप्पांना सांगायला. मी आडवी गेले. म्हटलं, बाई, थांब. तू सांगशील की तुमचा कॉम्प्रेसर निकामी आहे, आणि तेही सगळ्या कामगारांदेखत. आप्पा तुला काही बोलणार नाहीत, पण मग तो कॉम्प्रेसर इथून हलायचा नाही, देव झाला तो खरोखरचा. मला चहापर्यंत वेळ दे.

तिला पटलं नाही, पण तिने वेळ दिला. यालाच मी मान देणं म्हणते.

आप्पा पथारीवर मिरची उलटीपालटी करणाऱ्या बायकांशी बोलत उभे होते. मी त्यांना जरा बाजूला घेतलं. तोंडातून काय निघणार हे मलाही माहीत नव्हतं. निघालं ते असं, “आप्पा, ते चिनी मशीन फार नाजूक आहे हो. आपला कॉम्प्रेसर म्हणजे केवढा दांडगा. त्याची हवा त्याला झेपत नाही. कॉम्प्रेसर चक्कीकडेच शोभतो. मशीनला आपण एखादा छोटासा वेगळा बघू, त्याच्या त्याच्या तोलाचा.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या घरात किती पोरींची लग्नं झाली असतील आणि किती स्थळं त्यांनी अशीच हात जोडून वाटेला लावली असतील. डोळे बारीक झाले.

“ताई, तू मन्हा कॉम्प्रेसरले नकार दी ऱ्हायनी ना?”

मी मान खाली घातली. आणि आप्पा असे हसत सुटले की पथारीवरच्या बायका काम थांबवून बघायला लागल्या. हसता हसता टोपी पडली, ती मीच उचलून दिली. मग मी त्यांना लिऊचं सगळं सांगितलं. उदबत्तीचं सांगितलं तेव्हा त्यांचं हसणं थांबलं.

“इतला दिन माले कोनी सांगं कसं नई?” ते म्हणाले. “मी काय कोनले खाई टाकस का?”

मग कळलं की चक्कीवरच्या फिटरलाही शंका होती. तोही बोलला नव्हता. आप्पा रोज पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात त्या वस्तूला कोण नाव ठेवणार? म्हणजे चीनचा लिऊ गप्प आणि आमचा घरचा फिटरही गप्प. एक हॉलंडची बाई तेवढी बोलायला तयार होती, पण तिला काय बोलायचं ते माहीत नव्हतं.

आप्पा तडक शेडमध्ये आले. लिऊ त्यांना बघून उभा राहिला, चेहरा पडलेला. आप्पांनी त्याचा हात धरला आणि त्याला कॉम्प्रेसरच्या खोलीत नेलं. वाळलेला हार काढून बाजूला ठेवला. हिरव्या टाकीवर थाप मारून म्हणाले, “दख, लोखंड शे.” मग लिऊचं बोट धरून त्याच्या हातानेही टाकीवर वाजवून दाखवलं. लिऊने माझ्याकडे बघितलं. मी भाषांतर केलं नाही, गरज नव्हती.

शहाद्याच्या वाटेवर आप्पांच्या एका मित्राचा ठिबकच्या नळ्यांचा कारखाना आहे. तिथे एक कॉम्प्रेसर जास्तीचा पडून होता, हवा वाळवायच्या ड्रायरसकट. संध्याकाळच्या आत तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बसून आला. लिऊने बाह्या सरसावल्या, फिटरला बरोबर घेतलं. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण पाना हवा असला की बरोबर तोच पाना हातात यायचा. मशीनशेजारीच कॉम्प्रेसर, पाइप जेमतेम हातभर. सकाळपर्यंत सगळं जोडून तयार.

दुसऱ्या दिवशी आनेकेने मुद्दाम दुपारचीच ट्रायल घेतली. वर म्हणाली, चक्कीची साफसफाई पण चालू द्या. फटक्या मिरच्या अशा उडायला लागल्या की बघत राहावं. टप टप टप, सगळ्या त्या दुसऱ्या खोक्यात. ट्रे टेबलावर उपडा झाला. आनेके चिमटा घेऊन वाकली, बराच वेळ वाकून राहिली, आणि चिमटा खाली ठेवून म्हणाली, “पास.” धानोऱ्याच्या दोघी मुलींनी एकमेकींना अशी मिठी मारली की एकीचा चष्माच वाकडा झाला. मला तर आप्पांसमोर नाचावंसं वाटत होतं. नाचले नाही, पण रडले थोडी.

पण काम अजून संपलं नव्हतं. पहिला कंटेनर कधी निघणार, हे ठरायचं होतं. आनेकेने आधीच सांगितलं होतं की तारीख चुकली तर पुढची ऑर्डर नाही. त्यांच्याकडे पहिली तारीख पाळणं म्हणजे सगळं. सगळे टेबलाभोवती बसलो. तिने एक तारीख सांगितली, जवळचीच. “उत्तम, जमेल? हो की नाही?”

आप्पांनी टोपी सारखी केली. “हा हा, दखूत. व्हई जाई.” बघू, होऊन जाईल. आणि इंग्रजीत, “येस मॅडम. नो प्रॉब्लेम.”

अर्धी मिरची अजून पथारीवर ओली होती, आभाळही आलेलं होतं. पण कारखाना पास झाल्याच्या आनंदात, पाहुणीच्या तोंडावर, सगळ्यांदेखत, आप्पा नाही कसे म्हणणार? आणि मी मालकाचं बोलणं खोडून काढू?

टेबलाखालून लिऊने माझ्यापुढे फोन सरकवला. त्यावर लिहिलं होतं, “हे ‘येस’ म्हणजे नाही. बरोबर?”

मी मान हलवली. आणि वर बघितलं तर आनेकेही आप्पांकडे बघत होती, पेन हातात तसंच धरून. लिहीत नव्हती. तिने पेनला टोपण लावलं.

“उत्तम,” ती म्हणाली, “चहा घेऊ. मग मला तुझी पथारी दाखव.”

चहा झाल्यावर आम्ही तिघंच गेलो. आनेके वाळत घातलेल्या मिरचीच्या कडेला उकिडवी बसली, एक मिरची उचलून मोडून पाहिली. मोडली नाही, वाकली. ओली. तिने ती आप्पांच्या हातात दिली आणि काहीच विचारलं नाही. हे तिला किती जड गेलं असेल, मला दिसत होतं. ओठ घट्ट मिटलेले.

आप्पांनी ती मिरची बोटांत फिरवली. “सांग तिले,” ते मला म्हणाले, “संक्रांतना पह्यले नई व्हवाव. संक्रांत व्हई जाऊ दे, मंग एक दिन उशीर नई.”

मी सांगितलं. जसंच्या तसं, न धुता, न इस्त्री करता.

आनेकेने तिथेच संक्रांतीनंतरची तारीख लिहिली. मग आप्पांचा हात हातात घेऊन जोरात हलवला. कंटेनर त्याच तारखेला निघाला. आदल्या दिवशी निघू शकला असता, पण आप्पांनी तो गेटवर थांबवून ठेवला, तारीख म्हणजे तारीख.

आता कारखान्यात पाहुणे येतात, चीनचे येतात, युरोपचेही येतात. नवीन कुणी कामाला लागलं की मी एवढंच सांगते. मीटिंगमध्ये प्रश्न जरूर विचारा, उत्तर ऐका, लिहून घ्या. मग चहा पाजून त्या माणसाला एकट्याला बाहेर घेऊन जा, आणि खरं उत्तर आणा. पहिलं उत्तर खोडायला जागा ठेवून लिहायचं.